मल्चिंगखाली तणनाशक मारलं, पहिल्या सहा वाफ्यांतली टोमॅटोची रोपं बसली. काय चुकलं?

काळीमाती
नमस्कार मंडळी. इथले धागे मी बरेच दिवस नुसते वाचतोय, आज पहिल्यांदा मदत मागायला आलोय.

एक एकर टोमॅटो आहे. पाच फुटांवर गादीवाफे, एकेक वाफा ६० मीटर लांब, एकूण ४५ वाफे. मागच्या हंगामात खुरपणीनं जेरीस आणलं होतं, म्हणून ह्या वेळी २५ मायक्रॉनचा चंदेरी-काळा मल्चिंग पेपर (वाफ्यावर अंथरायचं प्लास्टिक) घेतला. पेपरखाली तणाचा कोंबही येऊ नये म्हणून अंथरण्याआधी वाफ्यांच्या माथ्यावर पेंडीमिथॅलिन ३० ईसी मारलं. एकरी १ लिटर लिहिलेलं होतं, तेवढंच घेतलं. दुसऱ्या दिवशी पेपर अंथरला, चौथ्या दिवशी लागवड केली.

आज १६ दिवस झाले. वरच्या बांधाकडचे पहिले सहा वाफे जागच्या जागी आहेत. पानं गर्द हिरवी, पण शेंडा हलत नाही. काल एक रोप सरळ करायला हात लावला तर मातीला टेकतं तिथून कट्कन मोडलं. मोडलेल्या जागी खोड गाठीसारखं फुगलेलं होतं. बाकीचे ३९ वाफे ठीक आहेत, फक्त थोडे मागे वाटतात.

दोन प्रश्न आहेत. हे तणनाशकानंच झालं की रोपं मुळातच खराब होती? आणि पेपरखाली तणनाशक मारावं की नाही?

बांधावरून
एक रोप मातीसकट उपट, मुळं हलक्या हातानं धू आणि इथे सांग कशी दिसतात. त्याआधी कोणी काही सांगितलं तर तो अंदाजच असेल.

खुरपं
दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर: मारू नये. काळा पेपर हेच तणनाशक आहे. उजेड नाही तर तण नाही. त्याच्याखाली आणखी औषध कशाला?

माळरान
@खुरपं, लव्हाळ्याच्या रानात एकदा पेपर अंथरून बघा मग बोलू. आमच्याकडे आठव्या दिवशी पेपरची चाळणी झाली होती. सुईसारखं टोक वर आलं, पेपर टोचला आणि आरपार. शेजारचे काका म्हणाले, "अरे, तू पेपर अंथरलास की लव्हाळ्याला रांगोळीचे ठिपके काढून दिलेस?"

खुरपं
हा हा, काकांना नमस्कार सांगा. लव्हाळ्याचं मान्य. पण मग पेंडीमिथॅलिन तरी काय कामाचं? ते लव्हाळ्यावर चालतच नाही.

मृदाशिक्षक
खुरपं यांचा मुद्दा बरोबर आहे, आणि धागाकर्त्यानं तो नीट समजून घ्यावा. पेंडीमिथॅलिन उगवणाऱ्या बारीक बियांवर काम करतं. कोंब आणि मुळाच्या टोकाशी पेशी दुभंगायची क्रिया ते थांबवतं. गवतवर्गीय तणं, माठ, घोळ ह्यांचं बी मातीच्या वरच्या थरातून उगवताना त्यात सापडतं. लव्हाळा गाठींतून येतो. गाठीत साठवलेलं अन्न असतं आणि गाठ त्या थराच्या खाली असते, त्यामुळे तो ह्याला दाद देत नाही. म्हणजे काळ्या पेपरखाली जी तणं उजेडाअभावी तशीही मेली असती, त्यांच्यासाठी हे औषध मारलं गेलं. जो पेपर फोडून येतो त्याच्यावर त्याचा परिणामच नाही.

त्याचा उपयोग उरतो तो छिद्रांपुरता. रोपाच्या बुंध्याशी उजेड शिरतो तिथे तण येतंच. पण तिथेच आपलं रोपही असतं.

काळीमाती
@बांधावरून, मुळं धुतली. सहा वाफ्यांतली तीन आणि तिसाव्या वाफ्यातली दोन रोपं काढली. तिसाव्यातल्या मुळांना पांढरी तंतुमुळं भरपूर आहेत. पहिल्या वाफ्यांतली मुळं आखूड, जाड, टोकाशी गोळा आलेली. आजूबाजूला फुटणारी बारीक मुळं जवळजवळ नाहीतच. ट्रेमधला कोकोपीटचा गड्डा जसा लावला तसाच निघाला, मुळं त्याच्या बाहेर गेलेलीच नाहीत.

बांधावरून
मग रोपवाटिकेला दोष देऊ नकोस. टोकाशी गोळा आलेली आखूड मुळं आणि मातीच्या रेषेवर फुगून ठिसूळ झालेलं खोड, ही त्या औषधाची खूण आहे. रोगानं मेलेलं मूळ तपकिरी होतं, कुजतं, साल सुटते. तुझी मुळं पांढरी आहेत ना?

काळीमाती
हो, पांढरीच आहेत. कूज अजिबात नाही.

रोपवाली
दादा, लेबल पुन्हा एकदा वाचाल का? टोमॅटो लिहिलंय का त्यावर?

काळीमाती
ताई, आत्ता चष्मा लावून वाचलं. एकरी १ लिटर हे कांद्यापुढे लिहिलंय. माझ्या बाटलीवर टोमॅटोचं नावच नाही. मी फक्त मात्रा बघितली, पीक बघितलंच नाही.

रोपवाली
बहुतेक जण हेच करतात, म्हणून विचारलं. एकच औषध वेगवेगळ्या पिकांना वेगळ्या मात्रेत, वेगळ्या वेळी चालतं, आणि लेबल वाचायचं ते ओळीत आडवं: पीक, तण, मात्रा, वेळ. त्यातही "लागवडीआधी" की "लागवडीनंतर" ह्या एका शब्दावर अख्खा प्लॉट अवलंबून असतो. पेपरखाली वापरायची सूचना लेबलवर नसेल तर उघड्या जमिनीची मात्रा पेपरखाली तशीच लागू होईल असं धरू नये.

तणमोड
मात्रेवरून आठवलं. दादा, तुम्ही १ लिटर संपूर्ण एकराला मारलं की फक्त वाफ्यांच्या माथ्यावर?

काळीमाती
फक्त माथ्यावर. अडीच फुटांचा पट्टा. सऱ्या कोरड्या सोडल्या.

तणमोड
तर मग गणित करू, कारण माझ्या मते खरी गोम इथेच आहे.

एक एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. तुमचे ४५ वाफे गुणिले ६० मीटर म्हणजे २७०० मीटर. अडीच फूट म्हणजे साधारण पाऊण मीटर. फवारलेलं क्षेत्र झालं सुमारे २०२५ चौरस मीटर, म्हणजे निम्मा एकर. लेबलवरची मात्रा असते ती औषध प्रत्यक्ष पडलेल्या जमिनीची. अर्ध्या एकरावर १ लिटर गेलं, म्हणजे दुप्पट. पट्ट्यात फवारताना ही चूक मी स्वतः केलेली आहे आणि माझ्या ओळखीत निदान पाच जणांनी केली आहे.

पण दुप्पट तर सगळीकडे पडलं असणार. मग सहाच वाफे का बसले? किती पंप लागले आणि कुठे किती, आठवतं का?

काळीमाती
१५ लिटरचा पंप, दर पंपाला ७५ मिली. एकूण १३ पंप झाले. पहिले सहा वाफे मोठ्या भावानं मारले, बाकीचे मी. त्याला विचारलं तर म्हणाला सहा वाफ्यांना तीन पंप गेले. तो सावकाश चालतो आणि "चांगलं भिजू दे" म्हणत एका जागी दोनदा हात फिरवतो.

तणमोड
आता बघा. सहा वाफे गुणिले ६० मीटर गुणिले पाऊण मीटर म्हणजे २७० चौरस मीटर. एकरी १ लिटरच्या हिशेबानं तिथे ६७ मिली पडायला हवं होतं. पडलं तीन पंप गुणिले ७५, म्हणजे २२५ मिली. सव्वातीन पटीच्याही वर.
तुमच्या ३९ वाफ्यांचं क्षेत्र १७५५ चौरस मीटर. हवं होतं ४३४ मिली, पडलं ७५०. पावणेदोन पट. म्हणून ते वाफे मेले नाहीत, पण मागे पडले.

बांधावरून
व्वा! भावाच्या सावकाश चालण्यानं तुझ्या जवळजवळ दुप्पट पडलं. आणखी एक विचारतो. वरच्या बांधाकडची माती कशी आहे? मुरमाड आहे का?

काळीमाती
हो. पहिले सात-आठ वाफे हलक्या, मुरमाड जमिनीत आहेत. खाली काळी लागते.

मृदाशिक्षक
मग तिसरं कारणही सापडलं. पेंडीमिथॅलिन चिकणमाती आणि सेंद्रिय कणांना घट्ट धरून बसतं, पाण्याबरोबर फारसं हलत नाही. भारी काळ्या मातीत बराच भाग कणांना चिकटतो, मुळांच्या वाट्याला कमी येतो. मुरमाड जमिनीत धरायलाच काही नसतं. म्हणून लेबलवर हलक्या आणि भारी जमिनीला मात्रा वेगळ्या दिलेल्या असतात.

मेट्रिब्युझिन ह्या दुसऱ्या तणनाशकाची तऱ्हा वेगळी. ते पाण्यात चांगलं विरघळतं, त्यामुळे ठिबकच्या पाण्याबरोबर किंवा जोराच्या पावसानं खाली मुळांपाशी उतरू शकतं. हलकी, कमी सेंद्रिय कर्बाची, जास्त सामूची जमीन असेल तर टोमॅटोलाही धोका, जरी टोमॅटो त्याला बऱ्यापैकी सोसतो. तिथे खुणा पानांवर दिसतात: कडा पिवळ्या, मग करपलेल्या.

आणि एक विचारायचं राहिलं. लागवडीचा खड्डा कसा केला?

काळीमाती
पेपरला छिद्र पाडलं, खुंटीनं भोक केलं, रोप ठेवलं आणि वरची माती आत लोटून दाबली.

मृदाशिक्षक
औषध वरच्या दोन-तीन सेंटिमीटरच्या थरातच असतं. तीच माती तुम्ही मुळाशी लोटली. उघड्या जमिनीत रोप त्या थराच्या खाली जातं आणि थर वर राहतो, त्या अंतरामुळेच पीक वाचतं. तुमच्याकडे ते अंतरच पुसलं गेलं.

सावलीतली_शेती
वाचतेय. हा धागा पुस्तकात शिरला पाहिजे असं वाटतंय.

मला एक सांगायचंय, विषयाला थोडं सोडून, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. पेंडीमिथॅलिनचा रंग केशरी-पिवळा असतो. आमच्याकडे लागवडीला आलेल्या बायकांची बोटं संध्याकाळी पिवळी झाली होती. एक जण त्याच हातानं बाळाला जवळ घ्यायला निघाली, तेव्हा मला लक्षात आलं की आदल्या दिवशी फवारलेल्या मातीत त्या सहा तास उघड्या हातानं माती दाबत होत्या. फवारणाऱ्यानं हातमोजे घातले होते. लावणाऱ्यांचा विचार कुणीच केला नव्हता, मीसुद्धा. त्या दिवसाची मला अजून बोचणी आहे. आता फवारणी आणि लागवड ह्यात लेबलवरचं अंतर पाळते, आणि लागवडीच्या बायकांना नायट्राईलचे हातमोजे देते. कापडी मोजे भिजून औषध कातडीलाच धरून ठेवतात, ते नकोत.

रोपवाली
ताई, हे लिहिल्याबद्दल मनापासून धन्यवाद. अजून एक जोडते. सगळ्यात जास्त धोका बाटलीतून मापताना असतो, तेव्हा औषध पातळ झालेलं नसतं. मोजे, डोळ्यांवर चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे तेव्हा हवेतच. नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकायचं नाही, जुना दातांचा ब्रश जवळ ठेवायचा. फवारणीचे कपडे वेगळे धुवायचे.

माळरान
आणि औषध कधीही सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवायचं नाही. पॅराक्वाट ह्या तणनाशकाचा एक घोट जीव घेतो. त्यावर उतारा नाही, फुप्फुसं हळूहळू निकामी होतात. माणूस सुरुवातीला बरा वाटतो आणि मग जातो. युरोपीय संघात ते २००७ पासून बंद आहे. आमच्या ओळखीतला एक मुलगा असाच गेला. ह्याहून जास्त लिहवत नाही.

सावलीतली_शेती
खूप वाईट वाटलं वाचून.

चंदेरी_काळा
मी सऱ्यांमधल्या तणासाठी ग्लायफोसेट मारतो, पंपाला टोपी लावून. पेपर असल्यामुळे रोपं सुरक्षित. कुणाचा काही आक्षेप?

तणमोड
आक्षेप आहे. ग्लायफोसेट मातीत पडलं की मातीला घट्ट चिकटतं, मुळांना सहसा मिळत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण प्लास्टिकवर पडलेलं कशाला चिकटणार? थेंब तसाच सुकतो, पुढच्या पाण्यानं ओला होऊन घरंगळतो आणि पेपर ज्या छिद्राकडे उतरलेला असतो तिथे, म्हणजे थेट खोडाशी पोचतो. लागवडीआधी पेपरवर गेलं असेल तर निदान १२ मिलिमीटर पावसानं किंवा तेवढ्याच तुषार सिंचनानं पेपर एकदम धुऊन मगच रोप लावायचं. ठिबकनं पेपर धुतला जात नाही, तो खालून ओला होतो.
टोमॅटोत त्याची खूण म्हणजे नव्या पानांचा देठाकडचा भाग पिवळा-पांढरा पडतो, टोक हिरवं राहतं.

खुरपं
आणि ते कर्करोगाचं?

मृदाशिक्षक
जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ साली ग्लायफोसेटला "बहुधा कर्करोगकारक" गटात टाकलं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं मत तसं नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनंही २०२३ च्या फेरतपासणीत बंदी घालावी असा गंभीर दोष आढळला नाही असं म्हटलं. पहिली संस्था पदार्थात मुळात धोका आहे का हे तपासते, दुसऱ्या दोघी प्रत्यक्ष वापरात तो किती पोचतो हे. दोन्ही वाचून मी इतकंच ठरवलं: अंगावर घ्यायचं नाही, आणि जिथे वखर चालतो तिथे वखरच.

गवताळ
सऱ्यांसाठी माझा उपाय: भाताचा पेंढा किंवा उसाचं पाचट चार बोटं जाड अंथरा. पाय चिखलात रुतत नाहीत, फळावर माती उडत नाही आणि तण दबतं. पेंढ्यात गवताचं बी मात्र नसावं.

चंदेरी_काळा
तणमोड, ते छिद्राकडे घरंगळणं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मागच्या वर्षीची पिवळी पानं मी सूक्ष्म अन्नद्रव्यांची कमतरता समजून दोनदा फवारणी केली होती. आता सऱ्यांत पाचट.

पाणथळ
पारदर्शक पेपरबद्दल कुणी बोललं नाही. मी स्वस्तात मिळाला म्हणून तोच अंथरला होता. आत तणाची रोपवाटिका झाली. पेपर फुगून वर आला होता!

मृदाशिक्षक
पारदर्शक पेपर पिकासोबत तणासाठी नाहीच, तो पिकाआधी वापरायचा. ओल्या जमिनीवर, कडक उन्हाळ्यात, कडा मातीत गाडून चार ते सहा आठवडे. मातीच्या तापानं तणाचं बी आणि बरीच रोगकारक बुरशी मरते. १९७६ साली इस्राएलमध्ये याकोव्ह काटान आणि सहकाऱ्यांनी हे पद्धतशीर मांडलं. लव्हाळ्याच्या खोल गाठी मात्र ह्यातूनही वाचतात.

पूर्वी भाजीपाल्यात पेपरखाली मिथाईल ब्रोमाईडची धुरी देत, त्यात लव्हाळाही दबायचा. ओझोनच्या थरासाठी माँट्रियल करारानं ते विकसित देशांत २००५ पर्यंत आणि विकसनशील देशांत २०१५ पर्यंत बंद झालं. तेव्हापासून लव्हाळ्याचा प्रश्न जगभरच पुन्हा वर आला.

माळरान
मग लव्हाळ्यानं करायचं काय, सर?

मृदाशिक्षक
भाजीपाल्याच्या आधीच्या पिकातच त्याला गाठा. मक्यात किंवा उसात लेबल असेल तर हॅलोसल्फ्युरॉन लव्हाळ्यावर चांगलं चालतं, पण पुढच्या पिकासाठी किती दिवस थांबायचं ते लेबलवर वाचून. नाहीतर उन्हाळ्यात दोन-तीन वेळा नांगरून गाठी वर काढून वाळवा. एका हंगामात संपेल अशी आशा नको.

खुरपं
आणि माझा उपाय ऐका, ह्यात औषध शून्य. वाफे तयार करा, ठिबक सोडा, आठ-दहा दिवस थांबा. तण हिरवंगार उगवेल. मग दातेरी कोळप्यानं वरचा एक इंच खरवडा, खोल जाऊ नका, नाहीतर खालचं बी वर येतं. मग पेपर. छिद्रातलं तण निम्म्याहून कमी होतं, हा माझा चार हंगामांचा अनुभव. उरलेलं सुरुवातीच्या पाच-सहा आठवड्यांत हातानं उपटायचं, तोच काळ टोमॅटोला जड असतो. नंतर पिकाची सावलीच काम करते.

तणमोड
हे मीही आता करतो. आठ-दहा दिवस देण्याची तयारी हवी, लागवडीच्या घाईत तेच कुणाला जमत नाही.

काळीमाती
सगळ्यांचे मनापासून आभार. आता सहा वाफ्यांचं काय करू? उपटून पुन्हा लावू?

बांधावरून
त्याच छिद्रात आत्ता लावू नकोस. आधी कुंडीत तपासणी कर. पहिल्या वाफ्यांच्या छिद्राजवळची वरची माती एका कुंडीत, बांधापलीकडची न फवारलेली माती दुसऱ्यात. दोन्हींत काकडीचं बी टाक. दोन आठवड्यांनी उपटून मुळं शेजारी शेजारी ठेवून बघ. मक्यानंतर ॲट्राझीन ह्या तणनाशकाचा अंश राहिलाय का हे बघायलाही मी हेच करतो.

रोपवाली
कुंडीवर तारीख आणि वाफ्याचा क्रमांक लिहा दादा. आणि दोन-दोन कुंड्या करा, एका कुंडीवर निर्णय नको.

काळीमाती
तीन आठवड्यांनी पुन्हा आलो.

काकडी दोन्हीकडे उगवली. न फवारलेल्या मातीत मुळं कुंडीच्या तळाला वेटोळी घालून बसली होती. पहिल्या वाफ्याच्या मातीत मुळं बोटभर, टोकं जाड. सहाव्या वाफ्याच्या मातीत मधलं काहीतरी.

म्हणून एक ते चारमध्ये पुन्हा टोमॅटो लावलाच नाही, पेपर तसाच ठेवून ह्या हंगामापुरते मोकळे सोडले. पाच आणि सहामध्ये मात्र जुन्या छिद्रांपासून वीतभर अंतरावर नवी छिद्रं पाडली. वरची चार बोटं माती खुरप्यानं बाहेर काढून पाटीत भरली आणि भोकात शेणखत मिसळलेली न फवारलेली माती घालून नवी रोपं लावली. आज नऊ दिवस झाले, शेंडा चालू आहे. एक रोप उपटून बघितलं, गड्ड्याबाहेर पांढरी मुळं आली आहेत.

भावाला दोरी आखून साध्या पाण्यानं शंभर चौरस मीटर फवारायला लावलं. त्याला साडेआठ लिटर लागले, मला पाच. आता ज्याचा त्याचा आकडा पंपावरच रंगानं लिहून ठेवलाय.

सावलीतली_शेती
आणि लागवडीच्या वेळी मोजे?

काळीमाती
दिले ताई. पाटीतली माती उचलणाऱ्यांनासुद्धा.

तणमोड
एक ते चार वाफ्यांतली माती दर महिन्याला अशीच कुंडीत तपासा आणि इथे लिहीत राहा. पेपरखाली किती दिवसांत मोकळी होते ते मलाही बघायचंय.